आज गुरुवार

आज आईशी खोटं बोलले. तसं मोठं काही नाही. साडेचारला तिचा फोन आला, मी म्हटलं, "प्रॅक्टिकल चालू आहे गं, नंतर करते." ती म्हणाली, "बरं, कर निवांत." आणि ठेवला.

प्रॅक्टिकल नव्हतं. मी डिपार्टमेंटच्या मागच्या पायरीवर नुसती बसले होते. आणि मुख्य म्हणजे आज गुरुवार. एफवायचं प्रॅक्टिकल सोमवारी असतं हे आईला पाठ आहे. गुरुवारी फक्त कांदे मांडायचे, पाण्याच्या ग्लासांवर, बूड जेमतेम टेकेल असे. म्हणजे सोमवारपर्यंत मुळं फुटतात आणि पोरांना त्यांची टोकं रंगवून, काचेखाली दाबून पेशीविभाजन बघता येतं. हेही तिला माहीत आहे. "चाळीस कांदे? आणि नंतर खायचे नाहीत?" असं विचारलं होतं तिने.

म्हणजे तिला कळलं. कळूनही "बरं" म्हणाली.

थकले होते हे खरं. सकाळभर जर्नल्स तपासली, सरांनी थिसिसचा चॅप्टर परत पाठवला, शनिवारी मुळशीच्या प्लॉटवर जायचंय. कारवीची झुडपं आठ वर्षांनी एकदाच फुलतात, २०१६ नंतर २०२४ ला फुलली. पुढच्या पावसात बोंडं तडतडून बी उडालं, त्यातली किती रोपं जगतात ते मी मोजते. आता बहर थेट २०३२ ला. तोवर माझी फेलोशिप कधीच संपलेली असेल. मोजणीची एक फेरी चुकली तर ती परत मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या वेळीही तेच सांगितलं होतं.

असो.

पण आज कुठलीच फेरी चुकणार नव्हती. दहा मिनिटं मोकळी होते आणि ती कुणालाच द्यावीशी वाटली नाहीत. आईलासुद्धा. "आत्ता बोलवत नाहीये गं," एवढं म्हटलं असतं तरी ती "बरं"च म्हणाली असती. मग नुसतं बसायला मला प्रॅक्टिकलचं नाव का घ्यावं लागलं? रिकामी बसलेय हे सांगायची लाज वाटते बहुतेक. आईला नाही वाटत. दुपारी तीही ओट्यापाशी बसलेली असते. विचारलं तर म्हणते, "काही नाही, बसलेय."

पावणेअकरा वाजले. ती झोपली असेल. कांद्यांचं पाणी बदलायला सकाळी सातला लॅबमध्ये जायचंय, तेव्हा फोन करीन. "इतक्या सकाळी? बरी आहेस ना?" असं आधी विचारेल.

मग सांगेन, काल पायरीवर बसले होते.