तिथे करमतं का?

सुट्टीत रत्नागिरीला गेले की पहिल्या चहाबरोबर हा प्रश्न येतो. काकू विचारते, शेजारच्या वहिनी विचारतात, बाजारात भेटलेले शाळेतले जुने सरही विचारतात. आई तर दर रविवारी फोनवर. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी ‘हो, छान आहे’ एवढ्यावर न भागवता नीट सांगते.

आम्ही देजॉनला राहतो. दक्षिण कोरियाच्या साधारण मध्यावर, सोलहून वेगवान गाडीने तासाभरावर असलेलं हे संशोधन संस्थांचं शहर. नवरा त्यातल्याच एका संस्थेत आहे. मी २०२३ च्या मार्चमध्ये त्याच्यामागून आले. जोडीदाराच्या व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. रत्नागिरीत बारा वर्षं शाळेत शिकवलं, इथे सकाळी आठनंतर अख्खा दिवस रिकामा. पहिले सहा महिने मला अजिबात करमलं नाही. आईला तेव्हा हे सांगितलं नव्हतं.

सुरुवातीचे दिवस कागदपत्रांतच जातात. आल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र करायला अर्ज द्यावा लागतो, आणि ते हातात येईपर्यंत बँक, फोन, सगळंच अडतं. आपल्या मराठी माणसांची यात एक वेगळीच अडचण होते. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव. कोरियन नाव बहुतेक तीन अक्षरांत संपतं. फोन कंपनीच्या रकान्यात माझं नाव अर्ध्यावरच तुटलं, बँकेत पूर्ण लागलं, आणि मग ऑनलाइन काहीही करायला गेलं की ‘माहिती जुळत नाही’. इथे फोनवरून ओळख पटवल्याशिवाय साधी ऑनलाइन खरेदीही अडते, म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते: ओळखपत्र, बँक आणि फोन, तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर, मोकळ्या जागेसकट, एकसारखं आहे ना ते काउंटरवरून उठण्याआधी बघून घे.

खरी ओळख झाली ती कचऱ्यामुळे. पुन्हा वापरात न येणारा सुका कचरा ठरलेल्या पिशवीतच टाकायचा. ती पिशवी दुकानातून विकत घ्यायची आणि ती आपल्याच वॉर्डाची हवी. कचरा उचलण्याचे पैसे त्या पिशवीच्या किमतीतच धरलेले असतात. १९९५ पासून देशभर हीच पद्धत आहे. बाटल्या, कागद, डबे वेगळे. ओल्या कचऱ्यासाठी आमच्या इमारतीखाली एक पेटी आहे. तिला कार्ड लावलं की झाकण उघडतं, आत टाकलेल्याचं वजन आकड्यात दिसतं आणि महिन्याच्या देखभाल खर्चात तेवढे पैसे लागतात.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातली बादली घेऊन खाली गेले, तर इमारतीचे राखणदार काका तिथेच उभे होते. त्यांनी हातानेच थांबवलं. बादलीत वर चहाचा चोथा होता, खाली अंड्याची टरफलं, कांद्याची सालं. त्यांनी एकेक दाखवत मान हलवली. मला भाषा कळेना. मग त्यांनी डोक्याशी दोन बोटांची शिंगं केली, चावल्यासारखं तोंड केलं आणि पुन्हा टरफलांकडे बोट दाखवलं. गुरं हे खातील का, असं ते विचारत होते. इथल्या ओल्या कचऱ्यातून जनावरांचं खाद्य आणि खत करतात, म्हणून हाडं, टरफलं, करवंटी, चोथा त्यात चालत नाही.

मला एकदम आजोळचा गोठा आठवला. आजीकडे गाईसाठी वेगळी बादली असायची. भाजीची देठं, भाताची पेज, केळ्याची सालं त्यात, आणि कुणी चुकून चोथा टाकला की आजी माजघरातून ओरडायची. नियमाचा छापील कागद मी चार महिने फ्रिजवर चिकटवून ठेवला होता, तो पाठ होत नव्हता. गाईची बादली म्हटल्यावर एका मिनिटात सगळं कळलं. त्यानंतर आजतागायत माझी बादली परत आली नाही, आणि काका दिसले की आम्ही दोघंही वाकून नमस्कार करतो.

भाषेचं म्हणाल तर लिपी सोपी आहे. राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली हांगुल लिपी, आज तिची मूळ अक्षरं २४. बाराखडी घोकलेल्या माणसाला चार-पाच दिवस पुरतात. मी न्याय मंत्रालयाच्या सामाजिक एकात्मता कार्यक्रमातले वर्ग केले, पहिल्या चार पायऱ्या प्रत्येकी १०० तासांच्या. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. तू-तुम्ही-आपणचं भानही आपल्याला लहानपणापासून असतं. अडतं ते उच्चारात. चंद्र, मुलगी आणि मुखवटा यांचे तीन कोरियन शब्द आमच्या कानाला आधी ‘ताल’सारखेच लागतात, त्यातला मुखवट्याचा ‘थ’ आपल्याला ओळखता येतो, पण मुलगीच्या शब्दातला घसा आवळून काढायचा तो ‘त्त’ आपल्या वर्णमालेत नाहीच. मी तो रोज भांडी घासताना म्हणायचे.

वर्गात एक दिवस नात्यांचे शब्द शिकवले. आईची बहीण ‘इमो’, वडिलांची बहीण ‘गोमो’. मावशी आणि आत्या! शेजारी बसलेल्या दोघींना हे दोन वेगळे शब्द कशाला, ते कळेना. मला काही समजावून घ्यावंच लागलं नाही. आणि खाणावळीतल्या, बाजारातल्या अनोळखी बाईलाही ‘इमो’ म्हणूनच हाक मारतात, जशी आपण भाजीवालीला ‘मावशी’ म्हणतो.

अशीच एक इमो मला देजॉनमधल्याच युसॉंग भागातल्या बाजारात भेटली. हा बाजार दर पाच दिवसांनी भरतो, ४ आणि ९ येणाऱ्या तारखांना: ४, ९, १४, १९, २४, २९. आपला आठवडी बाजारच. वसंतात रानभाज्यांचे ढीग, ताजं तिळाचं तेल, कोपऱ्यात धाडकन आवाज करून तांदूळ फुलवणारं यंत्र. आणि गिरणी. भिजवलेले तांदूळ घेऊन बायका रांगेत उभ्या असतात.

पहिल्या वर्षी, २०२३ साली, २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती आणि २९ ला चुसॉक, इथला सुगीचा सण. सगळे आपापल्या गावी गेले, दुकानं बंद, रस्ता सुना. त्या दोन दिवसांइतकं एकटं मला कधी वाटलं नाही. पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. ४ तारखेच्या बाजारात मीही तांदूळ भिजवून गिरणीवर नेले. गिरणीवाल्या इमोने विचारलं, मीठ घालू का? इथे पिठी दळतानाच मीठ टाकतात. मी म्हटलं, चिमूटभर. कशाला हवी म्हणून तिने विचारलं, तर मी फोनमधला मोदकांचा फोटो दाखवला. तिने फोन हातातच घेतला आणि रांगेतल्या बायकांना दाखवत म्हणाली, ‘सोंगप्यॉनच की!’

सोंगप्यॉन म्हणजे चुसॉकचा पदार्थ. गरम पाण्यात मळलेली तांदळाची पिठी, आत तिळाचं किंवा डाळीचं गोड सारण, अर्धचंद्राचा आकार, आणि पाईनच्या पानांवर वाफवायचं. ज्याला सुबक जमतं त्याला गोंडस मुलगी होते म्हणतात. आमच्या सासूबाई मोदकाच्या कळ्या मोजतात, तसंच हे.

९ तारखेला सकाळी ताजे मोदक करून तिला नेऊन दिले. ओल्या पिठीला पाणी कमी लागतं हे माहीत नव्हतं, पहिली उकड सैल झाली, दुसरी जमली. तिने उभ्या उभ्याच खाल्ला. नारळ-गुळाचं सारण तिला नवीन होतं, वेलचीचा वास घेत ती थोडा वेळ गप्प राहिली. १४ तारखेला माझ्यासाठी सोंगप्यॉनची पिशवी तयार होती. त्यावर पाईनची दोन-तीन पानं चिकटलेलीच होती, घरभर तो वास पसरला. त्या वर्षी चुसॉक आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, १७ सप्टेंबरला. नैवेद्याच्या ताटात मी मोदकाशेजारी सोंगप्यॉन ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात तापामुळे माझे दोन बाजार चुकले. तिसऱ्याला गेले तर तिने गिरणीचं बटण बंद केलं, बाहेर आली आणि दंडाला धरून विचारलं, ‘पाप मोगोस्सोयो?’ जेवलीस का? ‘पाप’ म्हणजे भातही आणि जेवणही. आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला पहिला हाच प्रश्न विचारतात.

म्हणून आता आई ‘करमतं का गं?’ म्हणाली की मला ‘हो’ म्हणायला थांबावं लागत नाही. उद्या ९ तारीख आहे. तांदूळ भिजत घातलेत.