पोलीस ठाण्यातून फोन आला तर काय सांगायचं?

केबलच्या धंद्यातून आम्ही ब्रॉडबँडमध्ये आलो आणि पुढे ‘क’ वर्गाचं, म्हणजे छोट्या भागापुरतं, इंटरनेट लायसन्स घेतलं. त्यात कायदेशीर इंटरसेप्शनची, म्हणजे सरकारी आदेश आला तर एखाद्याचे संदेश वा नेटचा वापर तपास यंत्रणेला पाहू देण्याची, अट असते. मशीन आणि जोडणीचं काम व्हेंडरनं मार्गी लावलं. बिलाचा आकडा सोडला तर त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. घाम फोडला तो कागदांनी आणि माणसांनी.

पूर्वी हे सगळं जुन्या टेलिग्राफ नियमांमधल्या नियम ४१९अ वर चालायचं. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम आले. आदेश काढायचा तो केंद्राच्या नाहीतर राज्याच्या गृहसचिवांनी. दुर्गम भागात किंवा तातडीच्या कामात ठरावीक वरिष्ठ पोलीस अधिकारी आधी आदेश देऊ शकतात, पण सात कामकाजाच्या दिवसांत वरून मंजुरी आली नाही तर इंटरसेप्शन बंद. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवसांचा, वाढवून वाढवून १८०. आपल्या मर्जीनं कुणाचं ऐकलं-पाहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा आकडा वाचून दाखवला तेव्हा ऑफिसात एकदम सगळ्यांचं लक्ष लागलं.

कारण गावाकडची रीत वेगळी. “दादा, ठाण्यातून फोन आलाय, अमक्याचं नेट बघून सांगा म्हणतायत.” साहेब ओळखीचे, गणपतीत बंदोबस्ताला भेटणारे. नाही कसं म्हणायचं? मग एक वाक्य ठरवलं आणि काउंटरच्या पोरापासून सगळ्यांकडून घोकून घेतलं: “साहेब, लेखी पाठवा, आमचे नोडल अधिकारी बघतील.” व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे आदेश नव्हे, हेही.

नोडल अधिकारी, म्हणजे असे आदेश स्वीकारायला नेमलेली कंपनीची वरिष्ठ माणसं, दोन लागतात. एक मी, दुसरा पुतण्या. आमच्या कंपनीत ‘वरिष्ठ’ म्हणावं असं तिसरं कोणी नाहीच! आदेशांचं रजिस्टर वेगळ्या कपाटात, किल्ल्या आम्हा दोघांकडेच. दर पंधरा दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी संबंधित यंत्रणेकडे पाठवून ते खरे आहेत ना, याची खात्री करून घ्यायची. ही तरतूद मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. खोटा आदेश घुसला असेल तर तो इथे सापडतो.

इंटरसेप्शनपेक्षा रोजचा प्रश्न मात्र लॉगचा, म्हणजे कोणत्या ग्राहकानं कधी, कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरचा पत्ता) नेट वापरलं त्या नोंदींचा. ते दोन वर्षं सांभाळायचे, आणि पोलिसांची पत्रं येतात ती बहुतेक त्यासाठीच. पत्रात लिहिलेलं असतं, ‘सदर आयपी रात्री साडेनऊच्या सुमारास कोण वापरत होते?’ आता आमच्याकडे एका पब्लिक आयपीमागे कितीतरी घरं असतात. पोर्ट नंबर (एकाच आयपीवरची कनेक्शनं वेगळी ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल तर नेमकं नाव सांगताच येत नाही. सांगितलं तर भलत्याच्याच दारात गाडी जाऊन उभी राहायची. त्यात परदेशी कंपन्यांकडून पोलिसांना मिळालेली वेळ बऱ्याचदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून सगळ्या राउटरांची घड्याळं एकाच सर्व्हरला बांधली, आणि उत्तराचा नमुना छापून ठेवला: पोर्ट कळवा, वेळ कोणत्या पट्ट्यातली ते कळवा.

सुरुवातीला एका साहेबांना हे टाळाटाळ वाटली. पुतण्यानं त्यांना बसवून स्क्रीनवर एकाच आयपीची, एकाच मिनिटातली ओळींची रांग दाखवली. पुढच्या पत्रात पोर्ट होता.