मे महिन्यात उणे 40

माझं घर मुलुंड पूर्वेला आणि ऑफिस ऐरोलीला. लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला, तरी संध्याकाळी ऐरोली नाक्याच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलांनीच सरकतात. त्यामुळे एसी चालू ठेवून उभं राहायचं आणि मधूनमधून टेम्परेचरच्या काट्यावर नजर टाकायची, हे अंगवळणी पडलंय. मे महिन्यात तिथेच अडकले असताना काटा मध्यावरून एका क्षणात खाली, 'सी'वर म्हणजे 'कोल्ड'वर पडला. वर चढला असता तर मी गाडी लगेच बाजूला घेतली असती. खाली आला म्हणून मी निर्धास्त राहिले आणि तशीच घरी आले.

असं करू नका. काटा खाली पडण्याचं एक कारण फार वाईट असतं. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, बुडालेला असतो तोवरच त्याचं खरं तापमान सांगतो. कूलंट गळून गेलं आणि सेन्सर नुसत्या वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर तिकडे इंजिन भाजत असतानाही काटा खाली राहू शकतो. म्हणून काटा वर जावो की खाली, पहिलं काम एकच: इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटची पातळी बघायची. गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हातसुद्धा लावायचा नाही. दाबाखालचं कूलंट झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं.

माझ्या गाडीत कूलंट बरोबर खुणेपर्यंत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवली तर रेडिएटरचा पंखा लगेच घोंघावायला लागला. आठवडाभरात एव्हरेज 15 वरून 11 वर आलं आणि सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास यायला लागला.

जवळच्या गॅरेजमध्ये सांगितलं, "थर्मोस्टॅट गेलाय, उघडा अडकलाय." निदान अगदीच बिनबुडाचं नव्हतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारी झडप. तो उघडा अडकला की इंजिन तापायला वेळ लागतो आणि काटा खालीच रेंगाळतो. 2,600 रुपये देऊन नवीन बसवला. चार दिवसांनी काटा पुन्हा पडला. मग दुसऱ्या ठिकाणी गेले, तर तिथला मिस्त्री म्हणाला, "मॅडम, मुंबईच्या उकाड्यात थर्मोस्टॅट लागतोच कशाला? काढूनच टाकतो."

हा सल्ला इथे सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. बाहेर 35 अंश असले तरी इंजिनाला 90 च्या आसपास राहायचं असतं. थर्मोस्टॅट काढला की ते नीट तापायलाच फार वेळ घेतं. तोवर गाडीचा कॉम्प्युटर थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल ओततो, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. मी गाडी तशीच घरी आणली.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, बेस्टच्या डेपोत वायरिंगचं काम करून निवृत्त झाले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "काटा हळूहळू उतरतो की धपकन पडतो?"

"धपकन."

"अगं, मग तो पाण्याचा दोष नाही. चार-पाच लिटर पाणी एका सेकंदात गार होत नाही. वायर बघ."

इतकी साधी गोष्ट, पण दोन गॅरेजमध्ये कुणी हे विचारलं नव्हतं. आणि मीही ते आपणहून सांगितलं नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवरून व्होल्ट आणि रोध मोजायचा एक मल्टिमीटर आणि गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा ब्लूटूथ डोंगल आणला. डोंगल लावून मोबाइलवर आकडे बघत सोसायटीच्याच आवारात इंजिन चालू ठेवलं. 62, 71, 80 असं रीतसर चढत असताना मध्येच 55 झालं, परत 80, आणि मग एकदम उणे 40. घामानं माझा कुडता पाठीला चिकटलेला आणि गाडीच्या मते इंजिन उणे 40 अंशांवर. फॉल्ट कोडही निघाला: पी 0118, म्हणजे कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड.

उणे 40 हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेन्सरच्या पोटात एक रोधक असतो. जसं तापमान वाढतं तसा त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. कॉम्प्युटर त्या वायरवर 5 व्होल्ट देतो आणि सेन्सर ते किती खाली ओढतो त्यावरून तापमान ओळखतो. वायर तुटली की काहीच खाली ओढलं जात नाही, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबात त्याचा अर्थ टोकाची थंडी. खरं तापमान कळत नाही म्हटल्यावर तो खबरदारी म्हणून पंखा सुरूच ठेवतो. वायर पूर्ण न तुटता नुसती खराब झाली, तर रोध वाढून इंजिन आहे त्यापेक्षा थंड दिसतं आणि पेट्रोल जास्त जातं. माझी सगळी लक्षणं एका वायरवर येऊन थांबत होती. (वायर उघडी पडून बॉडीला टेकली तर याच्या उलट होतं, काटा एकदम लाल रेघेवर.)

तरी अण्णांनी आधी सेन्सर तपासायला लावला. रविवारी सकाळी गार इंजिनावरून तो खोलला. थोडं कूलंट सांडलं, ते लगेच पुसून घेतलं, कारण ते विषारी असतं आणि मांजरं ते चाटतात. बाद झालेल्या एका पातेल्यात पाणी, शेजारी केकसाठी घेतलेला थर्मामीटर, आणि सेन्सरच्या दोन पिनांना मीटर. 28 अंशांना 1,800 ओहम. 80 ला 320. पाणी उकळताना 190 च्या आसपास. मध्ये कुठेही उडी नाही. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण उतरण अशीच सलग हवी. सेन्सर निर्दोष होता.

मग कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लग. त्याच्या पिनांवर, चावी ऑन करून, 5 व्होल्ट मिळाले. अण्णांनी वायर दोन बोटांत धरून नुसती हलवली आणि मीटर शून्यावर आला. सोडली, पुन्हा 5. त्यांनी कपलरपासून दोन इंचांवर ब्लेडनं इन्सुलेशन चिरलं. आतली तांब्याची तार पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशी हिरवी झाली होती, आणि दोन-तीन केसांएवढ्या तारांवर सगळा कारभार चालला होता. जानेवारीत सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरनं इंजिन धुऊन घेतलं होतं. अण्णांचा अंदाज, पाणी तेव्हाच आत शिरलं असणार. इंजिन चकचकीत दिसावं म्हणून धुऊन घेणं मी आता बंद केलंय.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वायरसकट नवीन कपलर 250 रुपयांना मिळाला. स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत जुनी वायर छाटली, सोल्डर केलं, वरून स्लीव्ह चढवली, कूलंट भरून हवा काढली. आता ऐरोलीच्या पुलावरच्या गर्दीत मोबाइलवर 88 ते 98 दिसतं. आणि त्या सगळ्या वेळात डॅशबोर्डवरचा काटा मध्यावरून तसूभरही हलत नाही. तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो, म्हणून काटा हललाच तर त्याची दखल घ्यायची.

कपलर बसवून झाल्यावर अण्णांनी गॅरेजमधून परत आणलेला जुना थर्मोस्टॅट मागितला. त्याच्या कडेला 82 कोरलेलं आहे. दोरीला बांधून त्यांनी तो त्याच पातेल्यात सोडला. 78 ला मिटलेला, 80 ला मिटलेला. 82 च्या पुढे जाताच मधली चकती उचलली गेली, नखाएवढी फट पडली आणि ती रुंदावत गेली. गॅस बंद केला तसा तो सावकाश पुन्हा मिटला. पुसून, फडक्यात गुंडाळून आता तो डिकीत ठेवलाय.