मुदत संपलेला सर्व्हर

“ह्या डेबियनची कंपनी कुठली? तक्रार करायची तर कोणाकडे?” ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी मला सगळ्यात आधी हेच विचारलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, आयुष्यभर संस्थेचे हिशेब पाहिलेले. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

गिरगावातलं हे जुनं सार्वजनिक ग्रंथालय. नाव देत नाही. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी, दाखल क्रमांक, सगळं तिथे कोहा नावाच्या प्रणालीवर चालतं आणि कोहा डेबियन लिनक्स या कार्यप्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर). असे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. ग्रंथपाल बाईंनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. काउंटरवरचं काम सुरू होतं, पण अपडेटची आज्ञा दिली की ‘४०४’ आणि ‘रिलीज फाइल नाही’ अशा ओळी येत होत्या, म्हणजे मागितलेलं त्या पत्त्यावर सापडत नव्हतं. एका विक्रेत्याने येऊन पाहिलं आणि सांगून टाकलं, लिनक्स बंद पडलं, आता नवीन मशीन आणि नवीन सॉफ्टवेअर घ्या. सोबत कोटेशनही दिलं. सरकारी अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहणाऱ्या संस्थेला तो आकडा झेपणारा नव्हता.

बंद काहीही पडलं नव्हतं. सर्व्हरवर डेबियन १० होतं, म्हणजे ‘बस्टर’. ही आवृत्ती ६ जुलै २०१९ रोजी आली. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला साधारण तीन वर्षं नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात आणि त्यानंतर दीर्घकालीन देखभालीखाली आणखी दोन. बस्टरची ही पाचही वर्षं ३० जून २०२४ रोजी संपली. मुदत संपलेली आवृत्ती पुढे कधीतरी डेबियनच्या मुख्य सॉफ्टवेअर-भांडारातून काढून जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात हलवली जाते. सर्व्हर अजून जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावत होता, एवढाच बिघाड. ही तारीख आधीपासून जाहीर होती, पण ग्रंथालयात ती कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. सर्व्हर उभा करणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला होता आणि त्याच्या जागी कोणी नेमलेलं नव्हतं.

सोमवार हा ग्रंथालयाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस, तोच आम्ही ठरवला. पाऊस असा की चर्नी रोड स्टेशनवरून चालत येईपर्यंत छत्रीचा काही उपयोग उरला नाही. वाचनकक्षात पंखे फिरत होते, खिडक्या लावलेल्या होत्या. बाईंनी एक जुना डेस्कटॉप रिकामा करून ठेवला होता. मीच तसं सांगितलं होतं, कारण चालत्या सर्व्हरला हात लावण्याआधी मी दुसऱ्या यंत्रावर रंगीत तालीम करतेच.

तालमीसाठी डेबियन १२ नव्याने बसवायचं होतं. शिपाईदादांनी आपणहून लॅमिंग्टन रोडवरून एक पेन ड्राइव्ह आणून ठेवला होता, त्यावर स्केच पेनने ‘डेबियन’ लिहिलेलं. त्यांचा हेतू चांगला होता, आणि तो वापरणार नाही असं सांगताना मला वाईट वाटलं. पण का वापरणार नाही, हे मी तिथेच बसून सगळ्यांना समजावलं. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या दुसऱ्या एका लिनक्स प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा चोरवाट ठेवलेल्या आयएसओकडे, म्हणजे प्रणाली बसवायच्या फाइलकडे, वळवला गेला. खुद्द अधिकृत पानावरून उतरवून घेणारेही त्या दिवशी फसले. म्हणून फाइल कुठून आली एवढं पाहणं पुरत नाही, ती तीच आहे ना हेही तपासावं लागतं. डेबियन प्रत्येक आयएसओबरोबर एसएचए-५१२ बेरजांची, म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेल्या ठशांची, यादी देतं आणि त्या यादीवर स्वतःची डिजिटल सही करतं. आधी सही खरी आहे का ते पाहायचं, मग आपल्या फाइलची बेरीज यादीशी जुळवायची. काम मिनिटभराचं आहे. बाईंनी ती लांबलचक अक्षरमाला स्वतः वाचून दाखवली आणि मी पडद्यावर जुळवत गेले.

याच जातीचं एक दुखणं सर्व्हरवरही सापडलं. अपडेट होत नाही म्हणून मधल्या काळात कोणीतरी ‘सोर्सेस डॉट लिस्ट’मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर कुठल्या भांडारातून घ्यायचं त्या यादीत, ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’ लिहून ठेवलं होतं. याचा अर्थ सही तपासूच नको, येईल ते घे. जुन्या संग्रहातून पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, घेताना कधी तक्रार येते की रिलीज फाइलची, म्हणजे भांडाराच्या सही केलेल्या सूचीची, मुदत उलटली आहे. तेवढ्यापुरती तारखेची अट सैल करता येते आणि सहीची तपासणी तशीच राहते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या यंत्रावर सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत तिथे सहीची तपासणी बंद करणं मला कदापि मान्य नाही. ती ओळ मी सगळ्यात आधी काढली.

नवीन डेबियन बसलं, त्यावर कोहा चढवलं. कोहा रोज रात्री बॅकअप घेतं, ती ताजी प्रत आणून उतरवली. सभासद आले, पुस्तकं आली, कोणाकडे कोणतं पुस्तक गेलंय तेही आलं. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी शोधाच्या चौकटीत ‘कादंबरी’ टाइप केलं.

एकही नोंद नाही.

‘कविता’. शून्य. ‘शाहीर’. शून्य. रोमन लिपीत एका इंग्रजी लेखकाचं आडनाव टाकलं तर पुस्तकं भराभर समोर. दाखल क्रमांकाने शोधलं की मराठी पुस्तकही नीट उघडत होतं, एक मात्रा हललेली नव्हती. म्हणजे नोंदी जागेवर होत्या. हरवला होता तो मराठी शोध. बाई खुर्चीत मागे टेकल्या. “हे असंच राहिलं तर उद्या सभासदांना मी काय सांगू?” त्या ग्रंथालयात येणारे बहुतेक सगळे मराठीतूनच शोधतात. शोध गेला तर तिथली पुस्तकं असून नसल्यासारखी, हे मला त्या क्षणी त्यांच्याइतकंच जाणवलं.

कोहात शोधाचं काम झेब्रा नावाचं वेगळं इंजिन करतं. नव्याने बसवताना ते अक्षरांचा एक ठरीव तक्ता वापरतं आणि देवनागरीचा त्या तक्त्यात निभाव लागत नाही. त्याऐवजी आयसीयू हा युनिकोडचा संच जोडला की शब्द कुठे तुटतो, कोणतं अक्षर कोणाशी जुळतं, हे इंजिनाला उमगतं. जुन्या सर्व्हरवर तो जोडलेला असणार हे उघड होतं. पण ही मांडणी ‘इटीसी’ या फोल्डरखालच्या कोहाच्या सामाईक फायलींत असते आणि कोहाचा बॅकअप एका ग्रंथालयापुरत्या फायली आणि डेटा उचलतो. या फायली त्यात येत नाहीत. नेमकं काय काय बदललं होतं, ते शोधायचं कुठे?

“थांबा,” बाई म्हणाल्या आणि कपाटातून एक वही घेऊन आल्या. निळ्या पुठ्ठ्याची, दाखल-नोंदवहीच्या मापाची. सर्व्हरला कोणी हात लावला की त्याने तारीख घालून मराठीत काय केलं ते लिहायचं, हा दंडक बाईंनीच घातला होता. पुण्याला गेलेल्या त्या मुलाने तो मनापासून पाळला होता. ‘डिफॉल्ट डॉट आयडीएक्स’ फाइलमध्ये तक्त्याच्या जागी आयसीयूची साखळी लिहिली. पुढच्या पानावर, ‘वर्ड्स-आयसीयू’ फाइलमध्ये अदृश्य जोडचिन्ह काढून टाकणारा नियम घातला, कारण ‘ताऱ्यांचे’ दोन प्रकारे टाइप होतं आणि एकच सापडतं.

हे वाचून मी त्या न पाहिलेल्या मुलाला मनोमन दाद दिली. ‘ऱ्या’ लिहायला काही कळफलकांवर नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरतात, काहींवर साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे. नोंद करणाऱ्याने एक वापरला आणि सभासदाने दुसरा, तर पुस्तक असूनही ‘नाही’ असं उत्तर येतं. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाला हा नियम लागणार, आणि तो शोधून काढायला मराठी वाचणाराच माणूस हवा.

दोन्ही फायली तपासून तालमीच्या यंत्रावर आणल्या आणि झेब्राची अनुक्रमणी मुळापासून पुन्हा बांधायला लावली. नोंदी सरकत होत्या तोवर बाईंनी चहा मागवला. ‘कादंबरी’ टाकलं आणि पान भरून आलं. ‘ताऱ्यांचे’ दोन्ही प्रकारे टाइप करून पाहिलं. दोन्हींना तीच यादी.

दुपारी खऱ्या सर्व्हरला हात घातला. डेबियनमध्ये एक आवृत्ती ओलांडून थेट पुढच्या आवृत्तीवर जाता येत नाही. दहावरून अकरा, मग बारा. सोर्सेस डॉट लिस्ट दोनदा बदलावी लागते. अकरापासून सुरक्षा-भांडाराचं नाव लिहिण्याची पद्धत बदलली आहे, बारापासून फर्मवेअरला, म्हणजे हार्डवेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरला, स्वतंत्र विभाग आहे. हे सगळं प्रत्येक आवृत्तीच्या प्रकाशन-टिपांमध्ये लिहिलेलं असतं. त्या आधी वाचून काढल्या की निम्मी भीती तिथेच संपते. कोहाचं भांडार तेवढ्यापुरतं बंद ठेवलं. मारियाडीबी हा डेटाबेस १०.३ वरून १०.५, मग १०.११. कोहाची पाळी आल्यावर बदललेल्या फायलींबद्दल प्रश्न आला की पॅकेजची नवी घ्यायची की आहे ती ठेवायची. तालीम झालेली असल्याने उत्तर तयार होतं, आहे तीच ठेव.

पॅकेजेस उतरत असताना कार्यवाह शेजारी येऊन बसले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला निवांत वेळ मिळाला.

“काका, कंपनी नाही, संस्था आहे. तुमच्यासारखीच.” १९९३ मध्ये इयन मर्डॉकने सुरुवात केली, आज जगभरातले हजाराच्या घरातले सदस्य ती चालवतात. १९९८ पासून तिला लिखित घटना आहे आणि प्रकल्पप्रमुखाची दरवर्षी निवडणूक होते. निवडणूक म्हटल्यावर काका पुढे सरकून ऐकू लागले. दोष सापडला तर त्याची नोंद सगळ्या जगाला दिसेल अशी उघडी ठेवतात, लपवायचं नाही हे त्यांनी लेखी कबूल केलंय. कोहाची कहाणीही ग्रंथालयाचीच. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेन्युआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल पेलणार नव्हती, तेव्हा त्यांनी नवी लिहून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली.

“ते ठीक. पण रात्री बंद पडलं तर?”

“तर पैसे देऊन माणूस ठेवायचा. तसे सल्लागार आहेत, डेबियनच्या संकेतस्थळावर त्यांची देशवार यादीही आहे. ज्यांना जुनी आवृत्ती सोडताच येत नाही त्यांच्यासाठी फ्रेक्सियन नावाची कंपनी शुल्क घेऊन पाच वर्षांनंतरही दुरुस्त्या पुरवते. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत, काका. देखभालीला लागतात, आणि ते कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवता. एकाने सोडलं तर दुसरा, कारण यात कोणाचं कुलूप नाही.”

त्यांनी खिशातली डायरी काढली आणि विचारलं, “बारा नंबरची मुदत केव्हा संपते?” ३० जून २०२८, मी म्हटलं. त्यांनी ती लिहून घेतली.

संध्याकाळी बाईंनी एका सभासदाच्या नावावर पुस्तक देऊन परत जमा करून पाहिलं, पावती छापली, मराठी शोध घेतला. मग निळ्या वहीत मला दिवसभराचं सगळं लिहायला लावलं. ‘ट्रस्टेड’ची ओळ का काढली तेही, कारणासकट.

पुढच्या कार्यकारिणीत सर्व्हरच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम धरण्याचा ठराव झाला आणि विक्रेत्याचं कोटेशन परत गेलं. बाईंनी आता माझ्याकडे दुसरंच काम दिलं आहे. कोहाच्या मराठी पडद्यावर काही शब्द त्यांना चुकीचे वाटतात, काही जागी इंग्रजीच राहिलं आहे. त्यांनी पानभर यादी केली आहे आणि भाषांतराच्या प्रकल्पात स्वतःचं खातं उघडून हवं आहे. येत्या सोमवारी ते उघडून देते.