चाकं सरळ, स्टिअरिंग वाकडं

पिकअपच्या पुढच्या टायरवरून आतल्या बाजूकडे हात फिरवला की गुळगुळीत लागायचं आणि उलट फिरवला की करवतीसारखे दाते बोचायचे. असं दिसलं की टो बिघडलेला समजायचा, म्हणजे चाकांची नाकं आत किंवा बाहेर वळलेली. म्हणून गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला दिली, तासाभरात मिळाली. मशीनचा छापील रिपोर्ट हातात, सगळे आकडे हिरवे.

आणि स्टिअरिंग वाकडं! गाडी नाकासमोर चाललीय आणि हातातलं स्टिअरिंग मात्र डावीकडे कललेलं, मिनिटकाटा बारावरून दीड-दोन मिनिटं मागे जावा तसं. परत गेलो. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं, ‘‘आकडे बरोबर आहेत, स्टिअरिंग आधीपासूनच तसं असेल.’’ आधीपासून तसं नव्हतं. रोज मीच चालवतो ना ती गाडी! तिथे जास्त वाद घातला नाही, पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं.

शेवटी म्हटलं, आपणच मोजू. दोन्ही बाजूंना स्टँडवर दोऱ्या ताणल्या. दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे-मागे सारखं हवं, आणि डावी-उजवीकडे हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून दोरी सारख्याच अंतरावर हवी. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखंच असतं असं गृहीत धरू नका, मी धरलं होतं आणि पहिली सगळी मापं फुकट गेली. मग स्टिअरिंग अगदी सरळ करून दोरीने सीटला बांधलं आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर घेतलं; दोन्हींमधला फरक म्हणजे त्या चाकाचा टो. डावं चाक 5 मिमी आत, उजवं 3 मिमी बाहेर. म्हणजे एकूण 2 मिमी आत. बेरीज चोख! पण दोन्ही चाकं उजवीकडे बघत होती. मशीनवर त्यांनी स्टिअरिंग मध्यावर अडकवलंच नसणार. ते किंचित डावीकडे वळलेलं असताना दोन्ही चाकांचे आकडे सारखे दिसले, छापून टाकले.

त्यांनी असं का केलं असेल, ते गाडीखाली शिरल्यावर कळलं. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा; त्याची लांबी बदलून टो जुळवतात आणि लॉक नट ती लांबी पक्की धरतो. डाव्या टाय रॉडचा लॉक नट चकचकीत, पान्याच्या ताज्या खुणा. उजवीकडचा गंजून रॉडशी एकजीव झालेला, त्याला कुणी हातही लावला नव्हता. एकाच बाजूने भागवलं होतं.

त्या नटाने माझे तीन दिवस खाल्ले. पहिल्या दिवशी उघड्या तोंडाचा पाना लावला, तो घसरला आणि नटाचे दोन कोपरे गोल झाले, शिवाय माझी बोटं सोलली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने आटे घासले, गंज सोडवणारं तेल मारलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी नट जागचा हलला नाही. पुन्हा तेल, पुन्हा रात्र. आच देऊन सैल करायचा मोह झाला होता, पण शेजारीच बॉल जॉइंटचं (रॉडच्या टोकाच्या गोल सांध्याचं) रबरी बूट, म्हणजे टोपण, आणि पलीकडे रॅकचं (दोन्ही रॉड डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या भागाचं) घडीचं बूट. एखादं वितळलं तर नटापेक्षा मोठं काम गळ्यात. तिसऱ्या दिवशी एका पान्याने टाय रॉडचं टोक धरलं, दुसरा पाना नटावर बसवून हातोडीने छोटे-छोटे ठोके दिले. आणि मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं: सोडवायच्या आधी नट किंचित आवळला. ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं, आटे गेले. गेले नव्हते, गंज तुटला होता. पुढचा अर्धा फेरा तर हातानेच फिरला. गाडीखाली पडल्यापडल्या मी एकटाच हसत होतो.

पुढचं काम वीस मिनिटांचं. स्टिअरिंग ज्या बाजूला कललंय त्याच बाजूला दोन्ही चाकं वळवायची, म्हणजे एक रॉड लांब आणि दुसरा तेवढाच आखूड करायचा. माझ्या गाडीत रॉडच्या एका पूर्ण फेऱ्याला रिमवर साधारण 4 मिमी फरक पडतो, म्हणजे दोन्हीकडे एकेक फेरा. उजवीकडचा मी आधी उलट फिरवला आणि 3 बाहेरचे 7 बाहेर झाले. म्हणून फिरवण्याआधी रंगाची खूण करा, फेरे तोंडाने मोजा. शेवटी दोन्हीकडे 1 मिमी आत.

हे सगळं चाकं जमिनीवर, वजन अंगावर असताना मोजायचं. जॅकवर घेतलेल्या गाडीचं माप खोटं. चाकांखाली ग्रीस लावलेले प्लॅस्टिकचे दोन-दोन तुकडे सरकवले की टायर जमिनीला न धरता मोकळे वळतात. गाडीखाली शिरायच्या आधी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण्या लावा.

हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: आधी चारही टायरमधली हवा बघा, आणि पुढचं चाक उचलून दोन्ही हातांनी हलवा. बॉल जॉइंटला किंवा बेअरिंगला खेळ, म्हणजे ढिलेपणा असेल तर अलाइनमेंट टिकणारच नाही. कॅम्बर-कॅस्टरला (चाकाचा वरून आत-बाहेर कल आणि चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) हात लावणार असाल तर ते टोच्या आधी करा, कारण ते बदललं की टो पुन्हा हलतो. माझ्या गाडीत मागे पाट्यांची स्प्रिंग आणि अखंड ॲक्सल, तिथे फिरवण्यासारखं काही नसतं. पण स्प्रिंगचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकला असेल तर पुढे कितीही फिरवा, गाडी तिरकीच चालणार.

सगळं झाल्यावर उजवीकडचं रॅकचं बूट पिळलेलं दिसलं. रॉड फिरवण्याआधी त्याची क्लिप सैल करायला विसरलो होतो. पुन्हा गाडीखाली.