आज म्हसवडला
डिझर्टेशनसाठी आज सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला होते. इथं 2008 पासून 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ आहे, 90.4 वर. एका आजींना विचारलं, का ऐकता? म्हणाल्या, "आमच्यागत बोलत्यात की गं, म्हणून ऐकती."

मॅककोम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांचा 1972 चा शोधनिबंध आम्ही पहिल्याच सत्रात वाचला: माध्यमं ज्या विषयाला जागा देतात, तोच लोकांना महत्त्वाचा वाटू लागतो. मग माणमधल्या बाईचा चारा, तिचा टँकर, तिच्या शेळीचा आजार महत्त्वाचा कोण ठरवणार? मुंबईचा स्टुडिओ तर नक्कीच नाही. (दुष्काळ जाहीर झाला की तेवढ्यापुरते कॅमेरे येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.)

साताऱ्यातून मास कॉम करणाऱ्या पोरापोरींनो, इंटर्नशिपला चॅनेलइतकाच अशा रेडिओचाही विचार करा. मी या आठवड्यात अर्ज देतेय.