चंद्री माजावर येईना

झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली सून गोठ्यात कामाला येईल, असं सासऱ्यांना वाटलं होतं. मला पीयूषिका ग्रंथीची आकृती भागांच्या नावांसकट काढता यायची. गाय लाथ मारते तेव्हा कुठे उभं राहायचं, ते मात्र चंद्रीनेच शिकवलं.

चंद्री आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, दुसऱ्या वेताची. संगमनेर तालुक्यात वस्तीवर आमचा सात जनावरांचा मुक्त गोठा आहे, त्यातली सगळ्यात दुधाळ. १२ ऑक्टोबर २०२३ ला व्यायली, दोन्ही वेळचं मिळून अठरा-वीस लिटर देत होती. व्यायल्यावर साठ दिवस जाऊ द्यायचे आणि पुढचा माज, म्हणजे गाय फळायला तयार झाल्याची वेळ, दिसला की भरवायची, हा आमच्याकडचा हिशोब. साठ दिवस गेले, नव्वद गेले, संक्रांत आली. हंबरणं नाही, सोट (माजातला चिकट स्राव) नाही, दुसऱ्या गाईवर चढणं नाही. सासूबाई म्हणायच्या, "दूध देती ना, मग कशाला घाई?" पण गाय गाभण राहिली नाही तर पुढच्या वर्षी भाकड गाय वर्षभर पोसायची, हे त्यांनाही कळत होतं.

कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची नळी, भरायला येणाऱ्या माणसाने जानेवारीत 'माजाचं इंजेक्शन' दिलं. हात घालून तपासणं वगैरे काही नाही, शेपटी बाजूला धरली आणि टोचलं. अकरा दिवसांनी आणखी एक. चंद्री ढिम्म. तो म्हणाला, "ही गायच थंड आहे, विकून टाका."

मग तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावलं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी हात आत घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चाचपत राहिले. "दोन्ही अंडाशयं बदामाएवढी, गुळगुळीत. काहीच चाललेलं नाही इथं. तुम्ही हिला टोचलं काय होतं?" मी रिकामी बाटली दाखवली. क्लोप्रोस्टेनॉल.

ते नाव वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. हे तर प्रोस्टाग्लॅन्डिन, परीक्षेत लिहिलेलं! नाव प्रोस्टेट ग्रंथीवरून पडलेलं, पण गाईत ते गर्भाशयात तयार होतं. बीज सुटून गेल्यावर अंडाशयावर त्या जागी पीतपिंड उगवतो आणि प्रोजेस्टेरॉन सोडायला लागतो. गाभ राहिला तर ते प्रोजेस्टेरॉन गाभ सांभाळतं. नाही राहिला तर सोळा-सतराव्या दिवशी गर्भाशय प्रोस्टाग्लॅन्डिन पाठवतं, पीतपिंड विरघळतो आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हा माजावर येते. म्हणजे हे औषध पीतपिंड मोडायचं. जिथे पीतपिंडच नाही तिथे ते काय मोडणार? आणि चंद्री गाभण असती तर त्याच सुईने गाभ पडला असता.

"मग अंडाशयं का झोपली?" मी विचारलं. डॉक्टरांनी चंद्रीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "ताई, ही दुधातून जेवढं देते तेवढं खात नाही. आधी वासराचं दूध, मग स्वतःचं अंग, मग पुढचा गाभ, असा जनावराचा हिशोब असतो. अंगावर मांस नाही तर मेंदूच वरून खूण पाठवायची थांबवतो." म्हणजे बिघाड अंडाशयात नव्हता, गव्हाणीत होता. जंताचं औषध, मग सहा आठवडे खनिज मिश्रण, बायपास फॅट (जनावराला ताकद देणारी खास चरबी), मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) आणि मोजून पेंड. मला हे जरा अपमानास्पदच वाटलं. मी हार्मोनची वाट बघत होते आणि त्यांनी पेंड लिहून दिली.

मार्चमध्ये त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र आणलं. छोट्या पडद्यावर करड्या रंगाचा एक गोळा दाखवला आणि म्हणाले, "हा पीतपिंड. चक्र सुरू झालंय, माज मुका जातोय एवढंच." माज दिसायची वाट न बघता वेळेवर रेतन करायचं असं ठरलं. याला ओव्हसिंक म्हणतात, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९९५ च्या सुमारास बसवलेली पद्धत.

मी वहीत लिहून घेतलं. सोमवार ११ मार्च सकाळी जीएनआरएच, म्हणजे बीज सोडायचा हुकूम देणारं हार्मोन. सोमवार १८ मार्च सकाळी नऊ वाजता प्रोस्टाग्लॅन्डिन. बुधवार २० ला संध्याकाळी पाचला पुन्हा जीएनआरएच. गुरुवार २१ ला सकाळी साडेनऊला कांडी. पहिल्या जीएनआरएचने वाढलेलं बीज सुटतं आणि बीजांची नवी फळी एकदम सुरू होते. सात दिवसांनी पीतपिंड मोडतात, दोन दिवसांनी नवं बीज सोडायचा हुकूम देतात. पहिलं इंजेक्शन अडीच मिली. त्यात औषध म्हणाल तर दहा मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा लाखावा भाग. तेवढ्यावर साडेचारशे किलोची गाय हलते. जीएनआरएच मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून येतं, आणि ते ओळखायला शॅली आणि गिलेमिन या दोघांनी डुकरांचे आणि मेंढ्यांचे लाखो मेंदू खपवले होते. १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं. हे मी सासऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले, "मेंढ्यांचं काय केलं मग?"

१८ तारखेची सकाळ मी विसरणार नाही. डॉक्टरांनी सुई भरायच्या आधी विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे का? कुणाला दमा?" धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात होती आणि सासऱ्यांना दमा आहे. दोघांनाही गोठ्याबाहेर पाठवलं. हे औषध कातडीतूनही आत जातं. बाईचं गर्भाशय आवळून गर्भ पाडू शकतं आणि दमेकऱ्याची श्वासनळीही आवळतं. जानेवारीत चंद्रीचा कासरा जाऊच धरायची. त्या माणसाने सुई गव्हाणीच्या कठड्यावर ठेवून दिली होती आणि तिनेच ती उचलून फेकली होती, उघड्या हाताने. तेव्हा तिला तिसरा महिना होता. काही झालं नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींशी बोललो नाही.

त्याच आठवड्यात चंद्रीने पान्हा चोरायला सुरुवात केली. खोड्यात, म्हणजे गाय अडकवायच्या चौकटीत, घातलं की सुई टोचणार, हे तिला कळलं होतं. मी कास धुतली, सड चोळले, तरी कास टणक आणि धार दोऱ्याएवढी. पाठ्यपुस्तकात लिहिलेलंच समोर घडत होतं. कास धुतली की मेंदूखालच्या पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटभरात पान्हा येतो. पण जनावर घाबरलं तर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात आणि पान्हा अडतो. शेजारच्या वस्तीवरच्या काकांनी खिशातून ऑक्सिटोसिनची बाटली काढली, "एक सुई दे, सगळं उतरेल." दूध उतरवायला असं टोचणं कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा सवय लागली की गाय सुईशिवाय दूध सोडत नाही. मी नाही म्हटलं. दोन दिवस खोड्याबाहेर, पेंडीची पाटी पुढ्यात ठेवून धार काढली. पहिल्या दिवशी तीन लिटर कमी निघालं. नवऱ्याने डेअरीच्या पावतीकडे बघितलं आणि काही बोलला नाही.

गुरुवारी साडेनऊला कांडी भरली. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढलेली, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरलेली. माजाची एकही खूण नव्हती, त्यामुळे सासूबाईंचा अजिबात विश्वास नव्हता. डॉक्टरही म्हणाले, "दहातल्या तीन-चार राहतात याने. उगाच आशा लावून घेऊ नका." मी लावली.

एकवीस दिवस मोजून ठेवले होते. ११ एप्रिल, पाडव्यानंतरचा दुसरा दिवस. रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन गोठ्यात गेले तर आमची दुसरी गाय सोनी चंद्रीच्या पाठीवर चढलेली आणि चंद्री खांबासारखी उभी. शेपटीला काचेसारखा सोट. उलटली होती, म्हणजे गाभ राहिला नव्हता. रडायला येत होतं आणि हसूही, कारण सहा महिन्यांत पहिल्यांदा ती स्वतःहून माजावर आली होती. सुईने नाही, एकविसाव्या दिवशी, स्वतःच्या घड्याळाने. डॉक्टरांना फोन केला. ते झोपेतच म्हणाले, "संध्याकाळी दिसला ना? मग सकाळी भरू." माज संपल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटतं, म्हणून रात्रीची गाय सकाळी.

१२ जूनला ते पुन्हा खांद्यापर्यंत हातमोजा घालून आले. पाऊस नुकताच पडला होता आणि गोठ्यात गुडघाभर रेंदा. या वेळी डोळे मिटून फार वेळ थांबले नाहीत. "दोन महिन्यांची." सासूबाईंनी घरातून गूळ आणला, आधी चंद्रीला दिला, मग डॉक्टरांना.

१५ जानेवारीला पहाटे व्यायली, २७८ दिवसांनी. खोंड झाला. सासूबाईंचं तोंड उतरलं, "एवढं करून खोंड!" चंद्रीला त्याचं काही नव्हतं. ती वासराला चाटत होती आणि सडांतून चीक आपोआप ठिबकत होता. सहा महिन्यांचं बाळ घरात सासऱ्यांकडे देऊन जाऊ कासरा धरायला आली होती. मी हात धुतले आणि वहीच्या नव्या पानावर लिहिलं : साठ दिवस, १६ मार्च.